दुसरी निवड

"बोला प्लंबरसाहेब, दुसऱ्या फेरीत कोण? की नेहमीप्रमाणे लेक?"

सेक्रेटरीबाईंनी फळ्याकडे खडू रोखून विचारलं. एरवी त्या दातांच्या डॉक्टर. मुलामुलींच्या या लीगचं काम फुकट करायच्या, पण नियम म्हटला की भूल न देता दाढ उपटायच्या. शाळेच्या व्यायामशाळेत मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर सगळे कोच गुडघे हनुवटीला टेकवून बसले होते. कुणी बेकरीवाला, कुणी बसड्रायव्हर, कुणी बँकेतला कारकून. सगळे आईबापच. मैदानावर चुन्याच्या रेघा हेच मारायचे, पंचांच्या नावानं बोटंही हेच मोडायचे. आज मुलींच्या सॉफ्टबॉल टीम ठरत होत्या. प्रत्येकानं आळीपाळीनं एकेक मुलगी निवडायची.

फक्त कोचच्या मुलीची गोष्ट वेगळी. ती आपोआप बापाच्या टीममध्ये जाई. पण फुकटात नाही. तीच त्याची दुसरी निवड धरली जाई.

याच नियमासाठी तर प्लंबर कोच झाला होता. बॅट कुठल्या टोकाला धरतात हेही तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं. नवराबायकोचं फाटलं, लेक चिंगी आईकडे गेली आणि कोर्टानं त्याच्या पदरात महिन्याचे दोन रविवार टाकले. कोच झाल्यावर आठवड्याला सरावाच्या दोन संध्याकाळी मिळाल्या, वर शनिवारची मॅच. चिंगीला घरून आणायचं, घरी सोडायचं. गाडीत मागे पाइप खडखडत असायचे आणि शेजारी तिची बडबड. वर्गातल्या भांडणांपासून मांजरीच्या पिल्लांपर्यंत. कोर्टाला जमलं नाही ते लीगच्या नियमानं जमवलं होतं.

मग हळूहळू त्याच्या डोक्यात वारं शिरलं. टीम जिंकायला लागली. कधी नळ गळला तरच ओळख दाखवणारे लोक रस्त्यात थांबून "काय कोच!" म्हणू लागले. तो मन लावून खेळ शिकला. जेवताना मीठ, तिखट, लोणी मांडून डावपेच लढवू लागला. गेल्या वर्षी तर टीम फायनलला पोचली. शेवटच्या क्षणी एक सोपा झेल उजव्या कोपऱ्यात उडाला. तिथे चिंगी उभी होती. तिनं हात पुढे केले आणि डोळे गच्च मिटले. चेंडू तिच्या पायाशी पडला. कप बेकरीवाल्याच्या टीमला गेला.

परतताना ती "बाबा..." म्हणाली, तेव्हा त्यानं रेडिओ मोठा केला होता.

आज फळ्यावरच्या उरलेल्या नावांत एक नवं नाव होतं. गावात नवीनच आलेली, लांब हातांची एक डावखुरी. चाचणीच्या दिवशी ती आजारी होती, म्हणून कुणाला तिची पारख नव्हती. त्याला होती. तिच्या घरी मोरी तुंबली म्हणून तो गेला होता, तेव्हा ती परसात भिंतीवर चेंडू मारत होती. एकाच विटेवर, पुन्हा पुन्हा. हातातला पाना तसाच धरून तो बघत राहिला होता. आज पहिली निवड एका हुकमी फलंदाजावर गेली होती, आणि तिसऱ्या फेरीपर्यंत ही उरेल याची खात्री नव्हती.

"कोचचा हक्क सोडता येतो का?" त्यानं विचारलं.

"येतो," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "आजवर कुणी सोडलेला नाही."

"मग मला ती नवीन डावखुरी."

"अरे, लेक आहे तुझी," बेकरीवाला न राहवून बोलला.

"कुठल्याही टीममध्ये गेली तरी खेळणारच ना ती?"

आपली पाळी येताच बेकरीवाल्यानं चिंगीचं नाव घेतलं. नाहीतर पोर शेवटपर्यंत फळ्यावरच राहिली असती, हे सगळ्यांनाच कळत होतं.

टीमची यादी मैदानावर लागण्याआधी आपणच सांगावं, म्हणून दुसऱ्या दिवशी तो चिंगीच्या आईच्या बिल्डिंगखाली गेला. चिंगी जिना उड्या मारत उतरली. त्यानं गाडीत पाठ करून ठेवलेलं सगळं सांगून टाकलं. बेकरीवाले काका शांत आहेत, ओरडत नाहीत, त्यांच्या टीमचं मैदानही घराजवळच आहे.

"मी झेल सोडला म्हणून?" तिनं विचारलं.

"छे, छे! वेडी की काय!" तो इतक्या घाईनं बोलला की त्याचं त्यालाच ते खोटं वाटलं.

"मग सरावाला मला तू नाही नेणार?"

"त्याच वेळी माझ्या टीमचा सराव असतो गं. तुला काका नेतील."

ती जिन्याच्या कठड्यावरचा सुटलेला रंग नखानं खरवडत राहिली. मग म्हणाली, "माझं नाव काढून टाक, बाबा. मला नाही यायचं."

"असा हट्ट करू नये, चिंगे. इतकी वर्षं ऊन म्हटलं नाहीस, ताप म्हटला नाहीस, एक दिवस चुकवला नाहीस. एवढा आवडता खेळ कुणी सोडतं का?"

चिंगीनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती नुसती चकित झाली होती.

"बाबा, मला चेंडूची भीती वाटते. तुला खरंच वाटलं, मी खेळायला येत होते?"