मुदतवाढ

ज्या कायद्याखाली अनुदान मिळायचं त्याची मुदत संपली, पैसा आटला आणि मारझोडीतून सुटून येणाऱ्या बायकांच्या निवारा केंद्राला कुलूप लागलं. दोन महिन्यांनी सरकारने मुदत वाढवली, निधीही दिला. केंद्र पुन्हा उघडलं त्याच सकाळी सासू सुजल्या डोळ्याच्या सुनेला घेऊन तिथे हजर झाली. तिथल्या बाईंनी सुनेला वकील मिळवून दिला, खोलीची किल्ली हातात ठेवली. "आता तो इथे फिरकणारही नाही," त्या म्हणाल्या. तो म्हणजे सासूचाच मुलगा, पण तिला झोंबली ती किल्ली. लग्नाला तीन वर्षं होत नाहीत तर सुटलीसुद्धा पोरगी! आपण चाळीस वर्षं मार खातोय, कुणी कधी साधं 'काय झालं' विचारलं नाही. "आई, तुम्ही निघा, उशीर झाला तर बाबा चिडतील," सून म्हणाली. सासूने बाईंकडे वळून विचारलं, "इथे वयाची अट आहे का हो?"