विमान उत्तम

युद्धाला पायलट कमी पडत होते, म्हणून आम्हा कॅडेटना घाईघाईत शिकवत होते. सबनीस सातव्या दिवशीच एकटा उडाला. मला तीन आठवडे लागले. "सबनीसकडून शिक जरा," हे सरांचं वाक्य मी रोज जेवणासोबत गिळत असे.

त्या सकाळी डावीकडे वळताना माझं इंजिन दोनदा अडखळलं. उतरल्यावर असलं काही विमानाच्या वहीत लिहायचं असतं. पण सर म्हणाले असते, "सबनीस कधी विमानाला दोष देत नाही." मी लिहिलं, 'विमान उत्तम.' त्याच विमानावर पुढची पाळी सबनीसची होती.

तो डाव्या वळणावरच कोसळला आणि जळून गेला.

दुपारी चौकशीत सरांनी माझी नोंद मोठ्यानं वाचली. "म्हणजे चूक सबनीसचीच," ते म्हणाले.

अख्ख्या कोर्समध्ये पहिल्यांदाच सरांनी त्याची चूक काढली होती. मीही मान डोलावली.