वाळीतलं मरण

१९६४ साली तारामती अलिबागच्या कॉलेजात शिकत होती. समाजशास्त्राच्या सरांनी वाळीत टाकलेल्या घरातल्या मरणाबद्दल माहिती जमवायला सांगितली, म्हणून ती सुट्टीत वही घेऊन म्हसळ्याजवळच्या आपल्या गावी आली. त्याच आठवड्यात बुधाजी वारला. गावकीचा निकाल न मानता तो कोर्टात गेला होता, म्हणून त्याचं घर तीन वर्षं वाळीत होतं. दुपार झाली तरी अंगणात त्याची बायको जनी आणि दिवेआगरहून आलेला तिचा भाऊ, दोघंच होती.

तारामतीनं घरी वडिलांना विचारलं, "आबा, खांदा द्यायला कुनीच जानार न्हाय?"

"जो जाईल त्याचं घर पन वाळीत पडंल, पोरी."

"मी चाललेय."

आबा उठले. मग खांद्यावर पंचा टाकून तिच्या मागोमाग निघाले.

कॉलेज सुरू झाल्यावर सरांनी तिची वही वाचली. "छान लिहिलंयस. पण अशा घराशी तर कोणी बोलतही नाही. मग ही माहिती तुला दिली कोणी?"

तारामती उभी राहिली. "कोणी दिली नाही, सर. तिरडीला चौथा खांदा माझा होता. आता आमचंही घर वाळीत आहे. पुढचं तिथंच बसून लिहीन."