चिमीचे गुण

"काका, एकदा पुसलं की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी परत मिळणार नाही," गिऱ्हाईक म्हणालं. जुने कॉम्प्युटर जमवायचा त्याला नाद होता, आणि अण्णांचा कॉम्प्युटर आज ते घेऊन जाणार होतं. "काय ठेवायचं ते नीट बघून घ्या."

अण्णांना काहीच ठेवायचं नव्हतं. भाडेकरूला धाडलेल्या नोटिसा, विम्याची पत्रं, वर्तमानपत्राला लिहिलेल्या आणि कधीच न छापलेल्या तक्रारी. पुसा, पुसा, करत ते पुढे गेले आणि अडले ते विटांच्या खेळापाशी. वरून पडणाऱ्या विटा रचायच्या, ओळ भरली की ती नाहीशी. गुणांच्या तक्त्यात दहाच्या दहा ओळींवर अण्णांचंच नाव होतं.

"आठ हजार एकशे चाळीस," ते म्हणाले. "आजवर कुणाच्या बापाला मोडता आला नाही."

दारात उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोनं, माईंनी, हसू गिळलं. शेजारच्या मुलानं एकदा अण्णांना मागे टाकलं होतं, तर त्याचे गुण मोडेपर्यंत दोन दिवस घरात सुतक असल्यासारखं झालं होतं. ऑफिसात या माणसाला कुणी हिंग लावून विचारत नसे. घरी येऊन पहिल्या नंबरावर आपलं नाव बघितलं की मगच त्याच्या घशाखाली चहा उतरे. म्हणून माई दुपारी खेळत आणि अण्णा यायच्या आत आपले गुण पुसून टाकत. कसे पुसायचे ते त्या पुस्तिका वाचून शिकल्या होत्या.

गिऱ्हाइकाला शिकवायची भारी हौस. आपण नेहमी पुसतो तसं पुसून भागत नाही, मुळापासून पुसावं लागतं, ते समजावू लागलं. कॉम्प्युटर फक्त वरचं नाव खोडतो, माल आत तसाच पडून असतो. बघायचंय? आणि त्यानं पुसलेलं वर काढणारा प्रोग्रॅम लावलासुद्धा.

"दाखवत काय बसताय," माई पुढे होत म्हणाल्या, "पुसून टाका की सरळ."

पण यादी वर येऊ लागली होती. चिमी. चिमी. खाली सरकावं तितकी चिमीच.

"ही चिमी कोण?" गिऱ्हाइकानं विचारलं.

माईंचं माहेरचं नाव. लग्नानंतर ते कुणाच्या तोंडी आलं नव्हतं, अण्णा तर कधीच विसरले असतील.

"मांजर होतं आमचं," माई म्हणाल्या.

गिऱ्हाइकानं पडद्यावरच्या आकड्यांकडे पाहिलं, मग माईंकडे. अण्णांचा वाचायचा चष्मा कपाळावर होता. त्यांनी एक हात पडद्याच्या डब्यावर ठेवला होता, ऑफिसातून आल्या आल्या ठेवायचे तसा.

"पुसा," ते म्हणाले.

आत काहीतरी खरखरायला लागलं. माईंचा जीव भांड्यात पडला आणि त्याच दमात त्यांना वाईटही वाटलं. एवढ्या दुपारींची कमाई बघितली कुणी, तर एका परक्या माणसानं.

गिऱ्हाईक सगळं सामान पोटाशी धरून जिना उतरून गेलं. टेबलावर धुळीत एक स्वच्छ चौकोन उरला होता. माई फडकं घेऊन आल्या.

"आपण मांजर कधी पाळलं होतं गं?" अण्णांनी विचारलं.

माई टेबल पुसत राहिल्या.

"मी आलो की त्या डब्यावर हात ठेवायचो. रोज गरम असायचा. म्हटलं, मांजर बसून गेलं असेल."

माईंचा हात थांबला.

"सगळ्यात जास्त किती झाले होते त्याचे?"

आता खोटं बोलून काही उपयोग नव्हता. "एकोणीस हजार," त्या म्हणाल्या. "आणि वर थोडे."

त्या रागाची वाट बघत होत्या. राग आला नाही. अण्णांनी त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं, घडी घातली आणि टेबलाच्या कडेला ठेवलं.

"एकदा तरी पुसायला विसरायचं होतंस," ते म्हणाले.