झुंजूमुंजू

प्रफुल्ल पाईकराव संध्याकाळच्या कार्यक्रमाची तालीम आटपून बेस गिटार खांद्यावरून उतरवत होता, तेवढ्यात कनात बाजूला सारून दहा-अकरा माणसं मंचामागं आली. कुणी चाळिशीचं, कुणी पन्नाशीचं, एक लहान मुलगी. सगळ्यांच्या अंगात काळे टी-शर्ट आणि छातीवर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द : झुंझूमुंझू.

प्रफुल्लनं चष्मा पुसून पुन्हा वाचलं. 'ज'चे 'झ' झाले होते.

"सर, आज वो गाना होना चाहिए," पुढचा माणूस म्हणाला. त्याचं नाव धीरज. पानिपतच्या एका शाळेत तो गणित शिकवायचा. बायको-मुलीला घेऊन सकाळच्या गाडीनं गाझियाबादला आला होता. "तीन साल से हम सब आपके पेज पर लिख रहे हैं. कोई जवाब ही नहीं देता."

'बंद फाटक' हा बँड दिल्लीत छत्तीस वर्षं वाजत होता. त्यांची पाच-सहा हिंदी गाणी लोकांना तोंडपाठ होती. हे मराठी गाणं तिसऱ्या कॅसेटवर अगदी शेवटी होतं. प्रफुल्लनंच लिहिलेलं आणि त्यानंच गायलेलं. मंचावर ते एकदाच झालं. लोक गप्पा मारत बसले आणि मागून कुणीतरी ओरडलं, 'हिंदी में गा, भाई!' त्यानंतर प्रफुल्लनं ते कधी गायलं नाही. दुसरं गाणंही लिहिलं नाही.

"ये रहा मुजरिम," मुख्य गायक हरजीत त्याच्याकडे बोट दाखवत म्हणाला. "इसी का है."

अकरा जण प्रफुल्लकडे बघत राहिले. कॅसेटवर फक्त बँडचं नाव होतं. इतकी वर्षं त्यांना गाण्याचा माणूस ठाऊक नव्हता.

"मैं भूल चुका हूँ," प्रफुल्ल म्हणाला.

"खोटं!" त्याची मुलगी अक्षता मागून म्हणाली. तीच त्याला गाडीनं घेऊन आली होती. "रोज दाढी करताना गुणगुणता, बाबा."

धीरजनं आपल्या मुलीला पुढं केलं. सात-आठ वर्षांची असेल. टी-शर्ट तिच्या गुडघ्यापर्यंत आला होता.

"नमस्ते करो, मुंजू."

"मुंजू?" प्रफुल्लनं विचारलं.

"आपके गाने वाली लड़की के नाम पर रखा है, सर. वही, जो आती है और सबको जगाती है. झुंजूमुंजू."

हरजीतनं मान डोलावली. इतकी वर्षं बरोबर वाजवून त्यालाही तसंच वाटत होतं.

प्रफुल्लनं अक्षताकडं पाहिलं. ती ओशाळून हसली. "मलापण तेच वाटायचं, बाबा. वाटायचं, कॉलेजमध्ये तुमची कुणीतरी असेल. आईला वाईट वाटेल म्हणून कधी विचारलं नाही."

प्रफुल्ल मनाशी म्हणाला, हे लोक परके होते, त्यांचं सोड. पण घरातल्या पोरीलाही हा शब्द आपण कधी दिला नाही. एकदा वाटलं, राहू दे. अकरा शर्ट छापून झालेत, एका पोरीचं नाव ठेवून झालंय. कुणाचं काय बिघडतंय?

मग तो खुर्चीवर बसला आणि मुलीच्या डोळ्यांना डोळे भिडवून म्हणाला, "बेटा, झुंजूमुंजू किसी लड़की का नाम नहीं है."

धीरजचा चेहरा उतरला. त्याच्या बायकोनं मुलीच्या खांद्यावर हात ठेवला.

प्रफुल्ल सांगू लागला. अर्धं हिंदीत, अर्धं अक्षतासाठी मराठीत. हिंगोलीजवळच्या गावात त्याची आई भीमाबाई कापूस वेचायला जायची. निघण्याआधी त्याला हलवून उठवायची. ऊठ बाळा, झुंजूमुंजू झालं. रात्र पुरती गेलेली नाही, दिवस पुरता आलेला नाही. समोर माणूस आहे एवढं दिसतं, पण कोण ते ओळखू येत नाही. ती वेळ. त्यानंतर आई दिवस मावळल्यावरच दिसायची.

"तेवढाच वेळ ती माझी असायची," तो म्हणाला. हे त्याला हिंदीत सांगता आलं नाही.

मुंजूनं कपाळाला आठ्या घातल्या.

"तो मेरा नाम एक टाइम है?"

"हाँ."

ती बापाकडं वळली. "पापा, मैं सुबह के साढ़े पाँच बजे हूँ!"

सगळ्यात आधी हसला तो धीरज.

"अब तू गाएगा," हरजीत म्हणाला, "नहीं तो मैं गाऊँगा. और मेरी मराठी तू जानता है."

त्या संध्याकाळी ते गाणं पाचवं झालं. मैदानातले बरेचजण मोबाइल बघत होते. पण पुढच्या रांगेत ते अकरा जण उभे राहून गात होते, आणि त्यांच्यात एक बारावी होती. अक्षता.

'दिवा मालव, आई' ही ओळ आली. उजाडायला लागलंय, आता दिवा कशाला, असं त्यानं लिहिलं होतं. समोरून ती जरा वेगळीच ऐकू आली. त्यानं कान दिला. ते सगळे जीव तोडून म्हणत होते, 'दीवा, माँ, लाओ.'

प्रफुल्लला गाता गाता हसू फुटलं. बोटं मात्र तारेवर चालत राहिली.

तीच ओळ दुसऱ्यांदा आली तेव्हा त्यानं आईला दिवा मालवायला सांगितलं नाही. आणायला सांगितलं.