दुसऱ्याच्या वाडग्यात

इवाओ शिंकायला वळला आणि तामोत्सुने पटकन आपला चमचा त्याच्या वाडग्यात घातला.

असं कोणी करत नाही. ज्याचा वाडगा त्याचा, मग शेजारी जिवलग मित्र बसलेला असो की सख्खा भाऊ. पण तामोत्सुचा संशय आता पोटात मावत नव्हता. त्याने घाईघाईने घोट गिळला. डुकराच्या हाडांचा, सुक्या माशांचा, चांगला खारट रस्सा. किताकाता गावच्या बर्फात भल्या सकाळी माणसाला उभं करणारा, अगदी पूर्वीसारखा.

म्हणजे आपली जीभ शाबूत आहे. लबाडी फक्त आपल्याच वाडग्यात होते आहे.

पानगळीत त्याची बायको हात्सुए गेली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत या रामेनच्या दुकानातल्या रश्श्याची चव त्याच्यापुरती बदलली. आधी तो काही बोलला नाही. नुसता बघत राहिला. त्याचा वाडगा भरताना नोबोरु मालक पाठ फिरवायचा. चुलीच्या मागच्या कोपऱ्यात एक छोटं पातेलं आलं होतं. त्यावरचं झाकण तामोत्सु आला की निघायचं आणि लगेच पुन्हा बसायचं. शिवाय रश्श्याला वाळवलेल्या अळंबीचा वास येत होता. तो वास त्याने कुठेतरी घेतला होता. बाजारातल्या तयार पाकिटांना येतो तो हाच असावा, अशी त्याची खात्री होत चालली होती.

त्याने मित्रांना सांगून पाहिलं होतं. "अरे, दुःखात तोंडाची चव जाते," कात्सुमी म्हणाला होता. "आई गेली तेव्हा मला भातसुद्धा साबणासारखा लागायचा." इवाओने तेवढीही समजूत काढली नाही. "म्हातारा झालास तू," म्हणाला. आणि मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तेव्हापासून तामोत्सुला त्यांचाही संशय यायला लागला.

राग नुसता चवीचा नव्हता. घरची चूल आता पेटत नव्हती. रश्श्यातल्या शेवयांचं सकाळचं हे गरम रामेन आणि या दोघांची बडबड, एवढंच त्याच्याकडे उरलं होतं. मागच्या वर्षी रक्तदाबाने त्याला आडवं केलं तेव्हा डॉक्टरांनी मीठ बंद करायला सांगितलं. दुकानात त्याने हे कोणाला कळू दिलं नाही. हात्सुए घरी अळणी रांधायची आणि तो चव न बघताच वरून सोया सॉस ओतायचा. त्यावरून रोज खटके उडायचे. तेव्हासुद्धा त्याने इथलं येणं सोडलं नव्हतं. आता हेही खोटं निघालं तर सकाळी उठायचं कशासाठी?

त्याने आपला भरलेला वाडगा पुढे ढकलला. इथे रस्सा टाकून उठणं म्हणजे मालकाच्या थोबाडीत मारणं. आजूबाजूचं भुरकणं थांबलं.

"मालक, मी काय घोडं मारलंय तुमचं?"

नोबोरुच्या हातातली गाळणी तशीच राहिली. "काय झालं, तामोत्सुसान?"

"यांना अस्सल रस्सा आणि मला हे अळंबीचं पाणी? बायको गेलेला म्हातारा, काय वाढलं तरी मुकाट गिळेल, असंच ना?"

"अरे, हळू," कात्सुमी कुजबुजला.

"का म्हणून हळू? उद्यापासून मी स्टेशनपलीकडच्या दुकानात जाणार. तिथे निदान सगळ्यांना एकाच पातेल्यातलं वाढतात!"

नोबोरुने आच कमी केली. फडक्याला हात पुसले.

"एक विचारू? इतकं बेचव लागत होतं, तर वरून सोया का नाही ओतलात? बाटली तुमच्या समोरच आहे की."

"तुमच्या रश्श्यात? तुमच्या देखत?" तामोत्सु चिडला. "मी काय इतका अडाणी वाटलो?"

"वहिनीही हेच म्हणाल्या होत्या."

"कोण वहिनी?"

"हात्सुएवहिनी. इस्पितळात दाखल व्हायच्या आधी आल्या होत्या इथे."

"हात्सुए? इथे?" तामोत्सुला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. "ती तर तुमच्या नावाने खडे फोडायची."

"फोडलेच की. माझ्या तोंडावर फोडले. तुमचं दुखणंही त्यांनीच सांगितलं. मग बाह्या सारून या चुलीपाशी उभ्या राहिल्या. अळंबी किती भिजवायची, समुद्राचं शेवाळ पाण्यातून कधी काढायचं, मीठ कसं नावालाच टाकायचं, सगळं मला करायला लावलं. दोनदा फेकून दिलं माझं. मला रामेन शिकवणारा माझा बापसुद्धा इतका ओरडला नव्हता. आणि 'मी असेपर्यंत मी बघेन, मग तुम्ही बघा,' असं म्हणून गेल्या."

इवाओने नाक पुसायला घेतलेला रुमाल डोळ्यांना लावला.

तामोत्सु वाडग्याकडे बघत होता. वाफ निवत आली होती, पण वास होता. रोज घरी जेवताना वर्तमानपत्राच्या पलीकडून यायचा तोच. पानावरची नजर न काढता त्याचा हात सोयाच्या बाटलीकडे जायचा.

त्याने वाडगा हळूच परत आपल्याकडे ओढला.

"अजून काय म्हणाली?"

"म्हणाल्या, हाच रस्सा मी रोज घरी करते. तुम्ही वाढलात, तर एकदा चाखून तरी बघतील."