कपाळाला लागलेला व्हिसा

"मशीन म्हणतंय चेहरा जुळत नाही," व्हिसा केंद्रातल्या बाई म्हणाल्या. कसा जुळणार? सकाळी पासपोर्टची पूजा करताना आईने फोटोतल्या ओजसच्या कपाळावर ओलं कुंकू फासलं होतं. आता ते निघत नव्हतं.

"नवा पासपोर्ट काढून या."

जर्मनीतली नोकरी तोवर थांबणार नव्हती. पण ओजस इंजिनिअर होता. फोटो बदलत नाही ना, मग चेहरा बदलू. आयुष्यभर आईने लावलेला टिळा जिन्यातच पुसणाऱ्या ओजसने तिने खिशात कोंबलेली कुंकवाची पुडी काढली, बोटाला थुंकी लावली आणि टिळा ओढला. मशीनवर हिरवा दिवा लागला.

बाहेर येऊन त्याने फोन केला. "आई, अर्ज घेतला. पण आता तिकडे प्रत्येक तपासणीला मला कुंकू लावून उभं राहावं लागणार!"

"मग?" आई म्हणाली. "मी काय चुकून लावलं होतं?"